ताज्या काँक्रीटचा प्रवाह आणि मिश्रकांची निवड

ताजे काँक्रीट वाहते, परंतु ते पाण्यासारखे वाहत नाही, आणि हा भेद लक्षात न घेतल्यामुळे बांधकामावर मिश्रकांचा पुष्कळसा वापर अंदाजपंचे होत असतो. पाणी कितीही थोड्या उताराला वाहू लागते. काँक्रीट मात्र एका ठरावीक मर्यादेपलीकडे ताण पडल्याखेरीज हलत नाही, म्हणूनच साचा उचलल्यावर स्लंपचा शंकू थोडासा बसतो आणि थांबतो, फरशीभर पसरत जात नाही. वाहणे सुरू होण्यासाठी लागणाऱ्या या किमान ताणाला प्रवाहारंभ ताण म्हणतात व तो पास्कल या एककात मोजतात. एकदा वाहू लागलेले काँक्रीट अधिक वेगाने वाहावे यासाठी जो वाढता जोर लावावा लागतो, त्याचे माप म्हणजे प्लास्टिक श्यानता. घट्ट लागलेले दही भांडे कलते केले तरी जागचे हलत नाही, पण एकदा मोडले की भराभर ओघळते. मध कलंडताच वाहू लागतो, पण संथपणे. पहिल्यात प्रवाहारंभ ताण अधिक आहे, दुसऱ्यात श्यानता अधिक आहे, आणि काँक्रीटमध्ये या दोन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र नांदत असतात. अशा पदार्थांचे दोन अंकांनी वर्णन करण्याची रीत अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ यूजीन बिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाते; काँक्रीटच्या बाबतीत ती रुजवण्याचे श्रेय मुख्यतः ब्रिटनमधील टॅटरसॉल यांच्या १९७०च्या दशकातील कामाकडे जाते.

या पार्श्वभूमीवर पाहिले, तर रोजच्या वापरातली स्लंप चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही हे स्पष्ट होते. ३०० मिलिमीटर उंचीचा, तळाशी २०० व माथ्याशी १०० मिलिमीटर व्यासाचा शंकू उचलल्यावर काँक्रीट स्वतःच्या वजनाखाली बसते आणि आतला ताण प्रवाहारंभ ताणाइतका उतरला की थांबते; म्हणजे स्लंप हे प्रामुख्याने प्रवाहारंभ ताणाचे माप आहे, श्यानतेविषयी त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. म्हणून १५० मिलिमीटर स्लंपची दोन काँक्रीट्स पंपावर अगदी वेगळी वागू शकतात: एक सहज चढते, तर दुसरे फावड्याला चिकटते, पाइपमधला दाब वाढवते आणि व्हायब्रेटर बाहेर काढल्यावर मागे भोक ठेवते. असा अनुभव आल्यावर सुपरवायझर ‘स्लंप तर बरोबर आहे’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या हातातले मोजमाप निम्म्याच गोष्टीचे असते. उरलेल्या निम्म्याचा अदमास घेण्यासाठी प्रयोगशाळेतले महागडे यंत्र असलेच पाहिजे असे नाही. अतिप्रवाही काँक्रीट ५०० मिलिमीटर व्यासापर्यंत पसरण्यास किती सेकंद लागतात, अथवा व्ही-फनेलमधून किती वेळात रिकामे होते, यावरून श्यानतेची तुलना करता येते. साध्या काँक्रीटमध्ये स्लंप मोजून झाल्यावर तळपत्र्याच्या कडेला हलके ठोकून ढीग कसा सरकतो हे पाहिले, तरी जाणत्या नजरेला मिश्रण चिकट आहे की मोकळे, हे समजते.

मिश्रके नेमके काय करतात हे समजण्यासाठी सिमेंटच्या कणांकडे वळावे लागते. सिमेंटमध्ये पाणी पडताच वेगवेगळ्या घटकांच्या पृष्ठभागांवर विरुद्ध विद्युतभार निर्माण होतात, कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात आणि या पुंजक्यांच्या पोटात बरेचसे पाणी अडकून पडते. हे अडकलेले पाणी मोजले जाते, परंतु प्रवाहाला त्याचा उपयोग होत नाही. प्लास्टिसायझर व सुपरप्लास्टिसायझर यांचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात, या क्रियेला अधिशोषण म्हणतात, आणि कणांना परस्परांपासून दूर ठेवतात. पुंजके सुटतात, पाणी मोकळे होते आणि नवे पाणी न घालता काँक्रीट सैल पडते. कागदाच्या लगद्याच्या उद्योगातून मिळणारी लिग्नोसल्फोनेटे ही यांतली जुनी पिढी. १९६०च्या दशकात जपानमध्ये नॅप्थलीनवर व जर्मनीत मेलामाइनवर आधारलेली सुपरप्लास्टिसायझर आली, आणि १९८०च्या दशकात जपानमध्येच पॉलिकार्बोक्झिलेट इथर, म्हणजे बांधकामावरच्या बोलीतले पीसीई, वापरात आले. नॅप्थलीन गटातील मिश्रक कणांना सारखाच ऋणभार देऊन विद्युत प्रतिसारणाने दूर ठेवते; पीसीईच्या रेणूला मुख्य साखळी व तिच्यावर कंगव्याच्या दात्यांसारख्या बाजूच्या साखळ्या असतात, मुख्य साखळी कणावर बसते आणि बाजूच्या साखळ्या पाण्यात उभ्या राहून दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. कमी डोसमध्ये अधिक परिणाम देण्याचे पीसीईचे सामर्थ्य मुख्यतः या भौतिक अडथळ्यात आहे.

निवडीच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त बाब येथून पुढे सुरू होते. पाणी वाढवले की प्रवाहारंभ ताण व श्यानता दोन्ही एकदम घटतात. पाणी तेवढेच ठेवून सुपरप्लास्टिसायझर वाढवले, तर प्रवाहारंभ ताण झपाट्याने उतरतो, पण श्यानता तुलनेने थोडीच कमी होते. म्हणून पाणी आणि ‘केमिकल’ यांना एकमेकांचा पर्याय मानणे ही प्रवाहाच्या दृष्टीनेही चूक आहे, ताकदीची गोष्ट तर वेगळीच. एम-६०सारख्या उच्च श्रेणीत मिश्रकाच्या आधारावर पाणी खूप कमी केलेले असते, त्यामुळे स्लंप मनाजोगता मिळूनही श्यानता चढलेली राहते, आणि वर वर्णिलेले चिकट काँक्रीट बहुधा याच जातीचे असते. अशा वेळी आणखी सुपरप्लास्टिसायझर ओतून उपयोग होत नाही; जो प्रतिरोध आधीच कमी आहे तोच आणखी कमी होतो, शेवटी खडी खाली बसते आणि वर पाण्याचा व पेस्टचा थर येतो, चिकटपणा मात्र तसाच राहतो. येथे उपाय घटकांच्या निवडीत शोधावा लागतो: औष्णिक केंद्रातली चांगल्या प्रतीची राख घालावी, वाळूची प्रतवारी सुधारावी, पेस्टचे प्रमाण थोडे वाढवावे, किंवा ज्यांच्या रेणूरचनेचा भर श्यानता कमी करण्यावर आहे अशा प्रकारचे पीसीई पुरवठादाराकडून मागवावे. उलट ज्या काँक्रीटमध्ये दोष स्लंप कमी असण्याचाच आहे आणि खडी-पेस्ट एकजीव आहे, तेथे सुपरप्लास्टिसायझर हे योग्य औषध आहे.

महाराष्ट्रातील बांधकामांसाठी एक मुद्दा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण पीसीईबाबतच्या अनेक तक्रारींचे मूळ मिश्रकात नसून वाळूत असते. नदीच्या वाळूची जागा आता बहुतेक ठिकाणी बेसाल्टच्या क्रशसँडने घेतली आहे. काळा, ताजा बेसाल्ट दळून येणारी भुकटी निरुपद्रवी असते, किंबहुना मर्यादित प्रमाणात ती पेस्टला भर देते आणि काँक्रीट एकसंध ठेवते. भारतीय मानक ३८३ने दळलेल्या वाळूत ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणाऱ्या भागाला १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे ती यामुळेच. परंतु खाणीच्या वरच्या थरातला मुरूम किंवा कुजलेला दगड त्यात मिसळला, तर भुकटीबरोबर स्मेक्टाइट गटातील चिकणमाती येते, तीच जी काळ्या कापसाच्या जमिनीला पावसात फुगवते आणि उन्हाळ्यात भेगा पाडते. या मातीच्या पत्र्यांसारख्या थरांमध्ये पीसीईच्या बाजूच्या साखळ्या घुसून अडकतात, आणि सिमेंटवर बसण्यासाठी दिलेला डोस वाळूच गिळून टाकते. नॅप्थलीन गटाला याची झळ तुलनेने कमी लागते, म्हणून ‘जुने केमिकल चालत होते, नवे चालत नाही’ ही तक्रार पुष्कळदा खरी असते, तिचा निष्कर्ष मात्र चुकीचा काढला जातो. चाळणीचा आकडा माती आणि दगडभुकटी यांत भेद करत नाही. तो भेद मिथिलीन ब्ल्यू चाचणीने होतो, ज्यात माती निळा रंग शोषून घेते व किती रंग लागला यावरून तिचे प्रमाण व सक्रियता कळते. ही चाचणी स्वस्त आहे, थोड्या वेळात होते, आणि क्रशसँडचा पुरवठा बदलला की ती प्रत्येक वेळी करावी. आकडा वाढलेला दिसला, तर डोस वाढवत बसण्याऐवजी धुतलेली क्रशसँड मागवणे अधिक शहाणपणाचे आहे.

सिमेंट आणि मिश्रक यांचे जमते की नाही हा दुसरा प्रश्न. सिमेंटमधील ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट हा घटक पाण्याशी सर्वांत वेगाने क्रिया करतो व मिश्रकही अधाशीपणे ओढून घेतो. त्याला आवर घालण्यासाठी दळताना जिप्सम घातलेले असते, आणि ते किती वेगाने विरघळते यावर मिश्रकासाठी किती जागा उरते हे ठरते. दळण गिरणीतील तापमान वाढून जिप्समचे स्वरूप बदलले किंवा विरघळणाऱ्या सल्फेटांचे प्रमाण कमी पडले, तर कालपर्यंत नीट वागणारे मिश्रक आज अर्ध्या तासात स्लंप गमावते. त्यामुळे एकाच नावाच्या सिमेंटची नवी खेप आली तरी तपासणी नव्याने करावी. त्यासाठी मार्श शंकू पुरेसा आहे. मूळचा तेलविहिरींच्या खोदकामातील चिखल तपासण्यासाठीचा हा नरसाळ्यासारखा शंकू. त्यात ठरावीक पाणी-सिमेंट गुणोत्तराची पेस्ट भरून ठरावीक आयतन बाहेर पडण्यास लागणारा वेळ मोजतात, आणि डोस टप्प्याटप्प्याने वाढवत आलेख काढतात. सुरुवातीला वेळ भराभर कमी होतो, पुढे आलेख आडवा पडतो. जेथे तो आडवा पडू लागतो तो संपृक्त डोस, ज्यापलीकडे घातलेला प्रत्येक थेंब प्रवाहात भर न घालता पैसे, ब्लीडिंग आणि गोठण्यातला विलंब तेवढा वाढवतो. हीच पेस्ट एक तासाने पुन्हा ओतून पाहावी. पाच मिनिटांचा व साठ मिनिटांचा आलेख जवळजवळ असतील तर जोडी जमली असे समजावे. दोहोंत मोठे अंतर पडत असेल तर त्या मिश्रकाचे त्या सिमेंटशी पटत नाही. पेस्टच्या चाचणीत वाळू नसते, म्हणून मातीचा दोष तिच्यात दिसत नाही, हे विसरू नये. अंतिम निर्णय कामावरच्याच वाळू-खडीने, शक्यतो कामाच्या वेळच्याच तापमानाला केलेल्या चाचणी मिश्रणावर घ्यावा.

मिश्रक केव्हा घातले यानेही फरक पडतो. नॅप्थलीन गटातील मिश्रक पहिल्याच पाण्याबरोबर दिले, तर त्यातील मोठा वाटा अ‍ॅल्युमिनेट खाऊन टाकते. तेच एक-दोन मिनिटे मिसळून झाल्यावर, जिप्समची पहिली क्रिया उरकल्यावर दिले, तर तेवढ्याच डोसात स्पष्टपणे अधिक स्लंप मिळतो. पीसीईमध्ये हा लाभ सहसा कमी दिसतो. कोणतेही मिश्रक कोरड्या सिमेंटवर किंवा कोरड्या वाळूवर थेट ओतू नये, मिश्रणाच्या पाण्याचा काही भाग राखून त्याबरोबर ते द्यावे.

वेळेबरोबर स्लंप उतरणे आणि काँक्रीट गोठणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्या एकच समजल्याने रिटार्डरचा गैरवापर होतो. साखर, सोडियम ग्लुकोनेट यांसारखी मंदके गोठण्याची वेळ लांबवतात, त्यामुळे मोठ्या राफ्टमध्ये दोन थरांमध्ये कोल्ड जॉइंट पडत नाही. परंतु त्यांनी स्लंप टिकेलच याची हमी नसते. स्लंप टिकवण्यासाठी हळूहळू मोकळे होणारे, म्हणजे तासाभरात टप्प्याने सिमेंटवर बसत जाणारे पीसीई वेगळे मिळते. मंदकाच्या डोसात चूक परवडत नाही: सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.०५ टक्का साखरेने गोठणे काही तास लांबते, तर ०.२ टक्क्याच्या पुढे ते जवळपास होतच नाही. भारतीय मानक ४५६ने म्हणूनच मंदक, प्लास्टिसायझर व सुपरप्लास्टिसायझर यांचे डोस सिमेंट व तत्सम घटकांच्या वजनाच्या अनुक्रमे ०.५, १.० व २.० टक्क्यांपुरते मर्यादित ठेवले आहेत, आणि चाचणीच्या आधारे उत्पादक व बांधकामकर्ता यांचे एकमत झाल्यासच त्यापुढे जाण्यास वाव दिला आहे. नागपूर-चंद्रपूरकडील मे महिन्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण उष्णतेने सिमेंटची क्रिया व बाष्पीभवन दोन्ही वाढतात. तेथे पुण्यात पावसाळ्यात ठरवलेला डोस जसाच्या तसा वापरणे म्हणजे काँक्रीट वाटेतच घट्ट होऊ देणे आहे. खडीवर सावली करणे, पाण्यात बर्फ वापरणे आणि रात्री काम घेणे या साध्या उपायांनी मिश्रकाचे निम्मे काम हलके होते.

इतर मिश्रकांचा परिणामही याच दोन अंकांच्या भाषेत मांडता येतो. हवा धरून ठेवणारी मिश्रके सूक्ष्म बुडबुडे निर्माण करतात व मुख्यतः श्यानता उतरवतात. हिमाचल किंवा लडाखसारख्या गोठणाऱ्या प्रदेशात ती टिकाऊपणासाठी लागतात, महाराष्ट्रात त्यांची गरज क्वचितच पडते, आणि प्रत्येक एक टक्का हवेमागे ताकद सुमारे पाच टक्के घटते हे ध्यानात ठेवावे लागते. श्यानता वाढवणारी मिश्रके, म्हणजे लांब साखळ्यांचे सेल्युलोजजन्य पदार्थ व जैविक डिंक, काँक्रीटला एकसंध ठेवतात. खाडीतल्या पाइलमध्ये पाण्याखाली ओतायचे काँक्रीट धुऊन जाऊ नये यासाठी ती उपयोगी पडतात. एकलहरे, कोराडी, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांतून मिळणाऱ्या राखेचे कण गोल असल्याने चांगली राख प्रवाह सुधारते, मात्र तिच्यात न जळलेला कोळसा अधिक असेल तर तो मिश्रके शोषतो. सिलिका फ्यूम थोड्या प्रमाणात मिश्रण मोकळे करते, त्यापुढे प्रवाहारंभ ताण झपाट्याने वाढवते व मिश्रकाची भूकही वाढवते.

स्वयंसंहत काँक्रीट, म्हणजे व्हायब्रेटरशिवाय स्वतःच्या वजनाने साच्यात भरणारे काँक्रीट, हे या दोन अंकांचा तोल साधण्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. जपानमध्ये ओकामुरा यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये त्याचे पहिले यशस्वी मिश्रण तयार झाले. त्यात प्रवाहारंभ ताण जवळजवळ नाहीसा करावा लागतो, पण श्यानता पुरेशी राखावी लागते, अन्यथा खडी मागे राहून पेस्ट पुढे जाते. पसरण साधारण ५५० ते ८५० मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते, आणि पसरलेल्या चकतीच्या कडेला खडीविरहित पेस्टचे किंवा पाण्याचे वलय दिसले तर आकडा कितीही चांगला असला तरी ते मिश्रण नाकारावे. शटरिंग करणाऱ्या मिस्त्रीला याची पूर्वकल्पना द्यावी लागते, कारण असे काँक्रीट भराभर भरल्यास साच्यावर द्रवासारखा दाब पडतो: उंचीच्या प्रत्येक मीटरला सुमारे २४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे तीन मीटरच्या स्तंभाच्या तळाशी ७२. नेहमीच्या सवयीने बांधलेले शटरिंग हा दाब पेलेलच असे नाही.

डोसाचा हिशेब मुळात सोपा आहे, आणि तरीही चुका तेथेच होतात. एका घनमीटरला ३५० किलो सिमेंट व ०.८ टक्का डोस असेल तर २.८ किलो मिश्रक लागते. त्याची घनता लिटरला १.१ किलो असल्यास ते सुमारे अडीच लिटर भरते, आणि किलोच्या जागी लिटर धरले तर दहा टक्के डोस नकळत वाढतो. त्याहून मोठी चूक वाळूतल्या ओलाव्याची. घनमीटरमध्ये ७०० किलो वाळू असताना ओलावा दोन टक्क्यांनी चुकला, तर १४ लिटर पाणी हिशेबाबाहेर राहते. एवढ्या पाण्याने स्लंप इतका बदलतो की मिश्रकाच्या डोसात केलेली बारीक दुरुस्ती त्यात हरवून जाते. पावसाळ्यात झाकण नसलेल्या ढिगाऱ्यावर बॅचिंग प्लांट चालवून मिश्रकाच्या पुरवठादाराला दोष देणे न्याय्य नव्हे.

ट्रान्झिट मिक्सर कामावर पोहोचेपर्यंत स्लंप उतरलेला आढळला, तर ड्रममध्ये नळी सोडण्याची प्रथा निश्चयाने बंद करावी. ३५० किलो सिमेंट व ०.४५ गुणोत्तराच्या काँक्रीटमध्ये पाणी १५७ लिटरच्या आसपास असते. त्यात घनमीटरमागे दहा लिटर वाढवले की गुणोत्तर ०.४८ होते, आणि कागदावरची श्रेणी कागदावरच राहते. भारतीय मानक ४९२६नुसार मिक्सर भरल्यापासून दोन तासांच्या आत काँक्रीट खाली होणे अपेक्षित आहे. या मुदतीत असलेल्या आणि गोठू न लागलेल्या काँक्रीटला प्लांटवर वापरलेल्याच मिश्रकाचा थोडा वाढीव डोस देता येतो, मात्र त्याचे प्रमाण आधीच्या चाचणीत ठरलेले असावे, मूळ डोस धरून एकूण प्रमाण मर्यादेत राहावे आणि दुसऱ्या जातीचे मिश्रक त्यात मिसळू नये. डोस दिल्यानंतर ड्रम पूर्ण वेगाने फिरवावा. युरोपीय मानक यासाठी प्रत्येक घनमीटरला किमान एक मिनिट व एकूण किमान पाच मिनिटे सांगते. त्यानंतर स्लंप पुन्हा मोजून दोन्ही आकडे, वाढीव डोस व वेळ चलनावर लिहून घ्यावी, आणि त्याच गाडीतून घनांचे नमुने भरावेत.